भिंती उंच झाल्या, रस्त्यावरची भीती कमी झाली का?

गिरणगावकर (धागा सुरू करणारी)

आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. परवाच्या सभेत विकासकाने नकाशे दाखवले. रस्त्याच्या बाजूला पार्किंगचे पाच मजले, त्यावर घरं, चारही बाजूंनी उंच भिंत, ये-जा करायला एकच गेट, गेटवर कॅमेरे. 'चला, सेफ्टीचं काम झालं' म्हणून सगळे खूश होते. मी नाही.

माझं म्हणणं असं, की अशा भिंतीने आत राहणाऱ्याची भीती कमी होते आणि त्याच भिंतीच्या कडेने रात्री स्टेशनवरून चालत येणाऱ्या बाईची वाढते. पार्किंगचे पाच मजले म्हणजे माणसाची पहिली खिडकी पन्नासेक फुटांवर. तिथून खालची हाक ऐकू येत नाही, चेहरा ओळखू येत नाही. आज त्याच रस्त्यावर पिठाची गिरणी आहे, इस्त्रीवाला आहे, वर गॅलरीत कोणीतरी हवा खात उभं असतं. रात्री उशिरा आलं तरी कोणी ना कोणी जागं असल्याचं जाणवतं.

शहरांवर लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे रस्ते बघून हेच मांडलं होतं. रस्ता मुख्यतः पोलिसांमुळे सुरक्षित राहत नाही, त्यावर राहणाऱ्या-वावरणाऱ्यांच्या नजरेमुळे राहतो. या नजरेलाच त्या 'रस्त्यावरचे डोळे' म्हणायच्या. उलटा अनुभव हवा असेल तर आपले स्कायवॉक, म्हणजे स्टेशनपासून निघणारे पादचाऱ्यांचे लांब उंच पूल आठवा. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला झाला, मग मुंबईभर होत गेले. दोन्ही बाजूंना कठडा, मध्ये उतरायला फारशी सोय नाही, दुकान नाही. दिवसा सोयीचे, पण रात्री दहानंतर मी आणि माझ्या ओळखीच्या बायका खालच्या गाड्यांच्या गर्दीतून जायचो. समोरून कोणी आलं तर वळायला वाट नाही, हा विचार पायऱ्या चढण्याआधीच मनात येतो.

तर प्रश्न असा, की नकाशा मंजूर होण्याआधी आपण काय मागायला हवं?

टॉवरवासी

पूर्ण असहमत. आम्ही चाळीतून टॉवरमध्ये आलो त्याला काही वर्षं झाली. चाळीत गॅलरीतल्या सायकली जायच्या, पितळी भांडी जायची, उन्हाळ्यात दार उघडं टाकून झोपायची सोय नव्हती. आता येणाऱ्याची गेटवर नोंद होते, घरी फोन येतो, मगच तो वर येतो. माझी मुलगी संध्याकाळी एकटी खाली खेळते आणि बायको निर्धास्त असते. ही निर्धास्ती खोटी आहे का?

बाहेरचा रस्ता सुरक्षित ठेवायला आपण कर भरतो. ते पालिकेचं आणि पोलिसांचं काम, माझ्या बेडरूमच्या खिडकीचं नव्हे.

गिरणगावकर

खोटी अजिबात नाही. पण तीच मुलगी उद्या क्लासहून रात्री परत येईल, तेव्हा गेटपर्यंतचा रस्ता तिलाही चालावाच लागेल.

वरळीची_लेक

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांना एक सांगायचं आहे. मी वरळीच्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, मध्ये लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं आणि संडास सामाईक. रात्री जायचं तर आईला उठवायचं, ती बाहेर उभी राहणार. पॅसेजचा दिवा गेलेला असला की सकाळपर्यंत कळ काढायची. हे आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक मुलीने केलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळींच्या पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. वर्तमानपत्रांनी चौरस फूट आणि किंमत छापली. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की त्या घरांतल्या मुलींना आता रात्री कोणाला उठवावं लागणार नाही. भीती कमी करणारा इतका मोठा बदल मला दुसरा माहीत नाही.

आणि ते 'रस्त्यावरचे डोळे'. ते चोरावर असायचे तसे माझ्यावरही असायचे. कोणाच्या बाइकवरून उतरली, ड्रेस कसला घातला होता, किती वाजले होते. कॉलेजच्या वयात मला गुंडापेक्षा गॅलरीची धास्ती जास्त होती. अडीअडचणीला हेच लोक धावून यायचे, हेही खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण वाचवणारी नजर आणि पाळत ठेवणारी नजर एकाच माणसाची असते. नव्या इमारतीत मला कोणी ओळखत नसेल तर त्यात माझी सुटकाही आहे.

गिरणगावकर

ताई, संडासाचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो घराच्या रचनेचाच भाग आहे. पाळतीबद्दल मात्र वाटतं, की दुकानदाराची नजर वेगळी असते. तो ओळखतो, पण घरी सांगायला जात नाही.

वरळीची_लेक

आमचा वाणी जायचा.

नकाशेवाला

बांधकाम क्षेत्रात आहे म्हणून लिहितो. सगळा दोष किंवा सगळं श्रेय रचनेला देऊ नका. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात प्रुइट-आयगो नावाची गरिबांसाठीची वसाहत होती, अकरा मजली ३३ इमारती. लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची आणि त्या मजल्यांवर लांब गॅलऱ्या होत्या. मुलं खेळतील, शेजारी बोलत बसतील, अशी कल्पना. प्रत्यक्षात लोक त्याच गॅलऱ्यांमधून आणि जिन्यांमधून जायला घाबरू लागले. १९७२ मध्ये सुरुंग लावून इमारती पाडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी वास्तुरचनाकार ऑस्कर न्यूमन यांनी रचनेवर बोट ठेवलं. रस्त्यापलीकडच्या बैठ्या वसाहतीत तशाच परिस्थितीतली कुटुंबं बऱ्यापैकी नीट राहत होती, हा त्यांचा पुरावा.

पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा होता आणि शहरातून लोक व रोजगार बाहेर चालले होते. घरं रिकामी पडली, लिफ्ट बंद, दिवे फुटलेले. गॅलरी लालबागेत चालते आणि तिथे चालली नाही, याचं उत्तर नुसत्या गॅलरीत सापडणार नाही. आपल्याकडे पुनर्विकासानंतर काही वर्षांनी लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे नसतात, तेव्हा जिन्यात काय होतं ते बघा.

गोवंडी_लिंक_रोड

प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींबद्दल कोणीच बोलत नाही. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये, अशाच एका वसाहतीत, दोन इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लागतो. त्या बोळातून संध्याकाळी जायची पाळी आलेल्याला जेन जेकब्ज वाचायची गरज नाही. तिथे खिडक्या समोरासमोर आहेत, पण सगळ्या बंद, कारण उघडली की समोरच्याचं घर. म्हणजे नुसती खिडकी पुरत नाही, ती उघडी ठेवावीशी वाटली पाहिजे.

टॉवरवासी

मग उपाय दिवे आणि कॅमेरे हाच ना?

नकाशेवाला

दिव्यांचा उपयोग होतो. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या सरकारी वसाहतींमध्ये तात्पुरते मोठे दिवे लावले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. पण मला फिलाडेल्फियाचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. ५४१ पडीक जागा घेतल्या, त्यातल्या काहींवरचा कचरा काढून गवत, थोडी झाडं आणि ठेंगणं लाकडी कुंपण केलं. आसपासच्या लोकांची घराबाहेर पडतानाची धास्ती जवळपास ५८ टक्क्यांनी कमी झाली, गरीब वस्त्यांमध्ये गोळीबारही २९ टक्क्यांनी उतरला. कुंपण ठेंगणं होतं, हे लक्षात घ्या. त्यावरून पलीकडचं दिसतं.

फेरीवाल्यांची_गिऱ्हाईक

स्टेशनबाहेरचे फेरीवाले हटवले तेव्हापासून आमच्याकडचा रात्रीचा पूल सुनासुना झाला. भाजीवाल्या मावशी अकरापर्यंत बसायच्या, त्यांचा दिवा असायचा. कोणी मागे लागलं की मी त्यांच्यापाशी थांबून उगाच कोथिंबीर घ्यायचे.

टॉवरवासी

एल्फिन्स्टन विसरलात? सप्टेंबर २०१७, २३ माणसं चेंगरून गेली. त्यानंतरच स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत हा नियम कडक झाला. आणि गर्दीत हात लावणारे काय कमी असतात? बायका मोकळा रस्ता मागतात, तो मोकळा केला तर तुम्ही म्हणता भीती वाटते.

फेरीवाल्यांची_गिऱ्हाईक

संध्याकाळी सातला मोकळा हवा, रात्री अकराला माणसं हवीत. एकाच जागेला दोन वेळांचे दोन नियम का असू नयेत?

गिरणगावकर

पुढच्या सभेत मांडायला मी मागण्या लिहिल्या आहेत. रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्यावर गाळे, जुन्या दुकानदारांना आधी. पार्किंगच्या पुढच्या कडेला निदान पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचं ऑफिस, बालवाडी, अभ्यासिका, म्हणजे तिथे उजेड आणि माणसं राहतील. भिंत कमरेपर्यंत, वर जाळी. मागच्या गल्लीत दुसरं गेट. आणि नकाशेवाल्यांच्या मुद्द्यावरून, लिफ्ट व दिव्यांच्या देखभालीची रक्कम कॉर्पसमध्ये, म्हणजे विकासकाकडून सोसायटीला मिळणाऱ्या निधीत, वेगळी लिहून घ्यायची.

टॉवरवासी

गाळे आणि अभ्यासिका मान्य. जाळीही चालेल. दुसऱ्या गेटला माझा विरोध कायम. तिथे रात्रभर बसणाऱ्या वॉचमनचा पगार दर महिन्याला कोण देणार, आणि तो झोपला तर? तुमच्या सभेत तो आकडा आधी मांडा, मग मतदान घ्या.