कामावर असताना श्रद्धा कशी सांभाळलीत? (अनुभव धागा)

चंची
आज सकाळी अंघोळ करताना गळ्यातली माळ तुटली. मणी मोरीभर. गोळा करून मोजले तर 107. एक मिळेना. माळ गळ्यात नसताना अन्न घ्यायचं नाही असं आमच्या घरात आहे, त्यामुळे चहासुद्धा झालेला नाही. बसल्या बसल्या ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले दिवस आठवले.

1994 ला सरकारी रुग्णालयात लागले. ओटीच्या इन्चार्ज सिस्टर वसईच्या, ख्रिस्ती. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गळ्यात काही चालणार नाही. हातातही नाही." बरोबरच होतं त्यांचं. वाकलं की माळ लोंबणार, लाकडी मणी, खाली पेशंटचं पोट उघडं. पण मला रडू फुटलं. नऊ वर्षांची असताना आजीने आळंदीला घातलेली माळ ती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर घालतात त्या जुन्या हिरव्या कापडाच्या (ड्रेपच्या) तुकड्याची चंची शिवून आणली. बारीक टाके, वर पांढरी नाडी. कपड्यांच्या खोलीतल्या त्यांच्या कपाटात त्यांची रोझरी, म्हणजे जपमाळ, असायची, तिच्या शेजारी माझी चंची ठेवली. ऑपरेशन लांबलं की चार वाजायचे. माळ घातल्याशिवाय मी डबा उघडत नाही हे कळल्यापासून त्याही थांबायच्या. "घाल लवकर, भूक लागली मला." अकरा वर्षं असं चाललं. सिस्टर आता नाहीत. चंची आहे.

तुमच्याकडे काय झालं? कुणी सांभाळून घेतलं असेल, कुणी नसेल. दोन्ही लिहा.

पाऊसपाणी
ताई, आधी मोरीची जाळी उचलून बघा. मणी तिथेच अडकतो.

डबलबेल
एसटीत कंडक्टर आहे. घरात तीन पिढ्यांची वारी, मला एकदाही पायी जमली नाही, आषाढीला रजा कोण देणार? मग मीच डेपोत सांगून ठेवलं, पंढरपूरची जादा गाडी मला द्या. एकोणीस वर्षं झाली. आमची गाडी चंद्रभागा स्टँडला लागते, नाहीतर भीमाला. माणसं उतरली की पायऱ्या बुक्क्याने काळ्या होतात. दर्शनाच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो, कळसाला हात जोडतो आणि परतीची गाडी भरतो. एकदा एक म्हातारी उतरताना माझ्याच पाया पडली. म्हणाली, "तू आणलंस बाबा." मी म्हटलं आजी, उलटं करू नका. आधी ट्रेमधली तिकिटं होती तेव्हा पंच करून करून अंगठा सुजायचा. आता मशीन आहे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दी तर विचारू नका.

पाऊसपाणी
@डबलबेल, बुक्क्याच्या पायऱ्या वाचून डोळ्यांत पाणी आलं.

साचा
शिरोलीला फौंड्रीत आहे, भट्टीवर. 2018 चे रोजे मे-जूनमध्ये आलते. भट्टीपुढं पाणी न पिता आठ तास, कोल्हापूरचा उन्हाळा वर. मी कुणाला काय बोललो नव्हतो. चौथ्या दिवशी फोरमन जवळ आला, "तू रात्रपाळीला जा, मी बघतो." महिनाभर पाळी बदलून दिली. संध्याकाळी पाळीवर जायच्या आधी घरी रोजा सोडायचा, पहाटे सहेरीला सोबतचे दोघं भट्टी सांभाळायचे, मी डबा खायचो.

खंडेनवमीला मशीन मी धुतो. पूजा मी करत नाही, आमच्यात नाही चालत. पण डिझेलनं पुसून, ग्रीस भरून, आरशासारखं करून देतो, मग ते झेंडूचा हार घालतात. माझ्या मशीनसारखं चकचकीत कुणाचंच नसतं बघा.

मैत्रेय22
सांभाळून न घेतल्याचं लिहितो. ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण. माझ्या आजोबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांसमोर उभं राहून धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात रोज म्हटल्या जातात. त्या म्हणून मी पूजेला बसणार कसा? साहेबांना म्हटलं, चहा-नाश्त्याची वर्गणी देतो, पूजेची नाही. खुर्च्या लावतो, पंगतीत वाढतो. त्यांना ते आवडलं नाही. "सगळे येतात, तुलाच काय होतं?" त्या वर्षी 6 डिसेंबरची माझी रजाही नाकारली. चैत्यभूमीला आईला एकटीला पाठवावं लागलं, त्या गर्दीत, दादरला.

मी टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली आहे. हलवली नाही, हलवणार नाही.

चंची
@मैत्रेय22 दादा, वाईट वाटलं. एक दिवसाची तर रजा. आई सुखरूप आल्या ना?

मैत्रेय22
हो ताई. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी रात्रभर बसून होती. दोन पिशव्या पुस्तकं घेऊन आली.

दंडावरचा दोरा
मी इंग्लंडमध्ये वॉर्डवर. इथे कोपराखाली काही नको असा नियम, घड्याळसुद्धा नाही. आईने तुळजापूरहून आणलेला दोरा मनगटावर होता. मॅनेजर हळूच म्हणाली, काढावा लागेल. आईला फोन केला तर म्हणाली, दंडावर बांध की, देवीला काय कोपर दिसतं? तेव्हापासून दंडावर.

2013 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इथल्या दोघींच्या कामावर गळ्यात क्रॉस घालण्यावर एकाच दिवशी निकाल दिला होता. विमान कंपनीतल्या नादिया इवेदा जिंकल्या, नर्स शर्ली चॅप्लिन हरल्या, कारण वॉर्डवर रुग्णाची सुरक्षितता आधी. मला दोन्ही निकाल पटतात. पण चॅप्लिनबाईंना कुणी चंची शिवून दिली असती तर, असं आज तुमचं वाचून वाटलं.

शनवार तेली
इस्रायलमधल्या लोदहून लिहितोय, मूळचे अलिबागकडचे. आमचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद. म्हणून गावाने नावच ठेवलं शनवार तेली. आणि शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा न जुंपणारे ते सोमवार तेली. धंदा एकच, सुट्टी आपापल्या देवाची, आणि गाव त्यावरून ओळखायचं. वडील मुंबईत कारकून झाले तेव्हा शनिवारी अर्धा दिवस कामावर जावं लागायचं. घरी येऊन आधी हात धुवायचे, मग गप्प बसायचे. आई त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलायची नाही. रागाने नव्हे. त्यांना लागलेलं असायचं हे तिला ठाऊक होतं.

पाऊसपाणी
सोमवार तेली आमच्या पेणकडेही म्हणायचे! आजीच्या तोंडी होतं. अर्थ आज कळला.

हळदीकुंकू
विषय सोडून विचारते, तुळशीची माळ दोऱ्यात ओवावी की तारेत? सासूबाईंची दोन वर्षांत तीनदा तुटली.

डबलबेल
तार घ्या, तांब्याची. पंढरपुरात ओवून देणारे बसतात, डोळ्यादेखत देतात करून. दोरा घामाने कुजतो.

साचा
तांब्याची तार मी देतो म्हणा, आमच्याकडं लई आहे. पण पत्ता इथं कसा मागायचा.

पाऊसपाणी
चंचीताई, मणी मिळाला का? दोन वाजून गेले.

चंची
मिळाला. मोरीत नव्हताच. टॉवेलच्या घडीत गेलेला. तार नाहीये घरात, सध्या दुहेरी दोऱ्यात ओवली, 108 भरले. चंचीतच ठेवले होते सगळे मणी तोवर. घातली गळ्यात. वरणभात गरम करायला ठेवलाय.