बाहुलीचे धड ‘रंगवावे’ की त्यावर ‘रंग चढवावा’?

प्रश्न (म्हापसा) : एका बाहुलीचे डोके दुसऱ्या धडावर बसवले, की दोहोंचा वर्ण बहुधा जुळत नाही. अशा वेळी हौशी मंडळी प्लॅस्टिकचे धड रंगाच्या गरम पाण्यात बुडवून डोक्याच्या छटेला आणतात. या क्रियेची कृती मराठीत लिहिताना ‘धड रंगवावे’ असे लिहिले, तर वाचणारा ब्रश हाती घेईल अशी भीती वाटते. ‘डाय करणे’ सर्वांना कळते. परंतु बाहुलीला डाय केला म्हटल्यावर तिचे केस काळे केले, असाच अर्थ कोणीही घेईल. आपण काय सुचवाल?

उत्तर (फोंडा) : ‘रंगवणे’ हे क्रियापद भिंतीला, चित्राला आणि लुगड्याला सारखेच चालते. ‘रंगारी’ म्हणजे मुळात कापड रंगवणारा. आज त्याच शब्दाने आपण घराला रंग देणाऱ्याला हाक मारतो. तेव्हा नुसत्या क्रियापदाने आपले काम भागणार नाही. ‘रंग’ या नामाशी जोडलेली क्रियापदे मात्र नेमका भेद करतात. रंग देणे, रंग लावणे, रंगाचा हात मारणे हे सारे वरवरचे. माशेलला मूर्तिकाराकडे ‘अजून एक हात बाकी आहे’ असे ऐकले, की एक थर द्यायचा राहिला हे पोरांनाही समजते. रंग धरणे, चढणे, मुरणे यांत मात्र रंग वस्तूच्या अंगात शिरतो.

येथे हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ब्रशने दिलेला रंग सांध्यांवर घासला जाऊन खरवडतो, तर बुडवून दिलेला रंग प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाच्या किंचित आत जातो. त्यासाठी सुती कापडाचा रंग उपयोगी नाही; पॉलिएस्टरसाठी वापरतात तो, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा ‘डिस्पर्स’ जातीचा रंग लागतो. पाण्याच्या उष्णतेने प्लॅस्टिक थोडे सैलावते आणि रंगाचे सूक्ष्म रेणू त्यात शिरतात. पाणी फार तापले, तर पोकळ हातपाय वाकडे होतात. म्हणून मी ‘रंग मुरवणे’ सुचवीन.

उत्तर (मडगाव) : ‘मुरवणे’ला माझी हरकत आहे. मुरायला लोणच्यासारखा वेळ लागतो. येथे तर काही मिनिटांत छटा पालटते, आणि धड सारखे बाहेर काढून, धुऊन, डोक्याशेजारी धरून पाहावे लागते. ‘मुरू द्यावे’ असे वाचून कोणी धड रात्रभर पाण्यात ठेवले, तर ते डोक्यापेक्षा कितीतरी गडद होऊन बसेल. ‘चढवणे’ अधिक नेमके आहे, कारण त्यात पायऱ्या आहेत : रंग चढू लागला, पुरेसा चढला, जास्त चढला. एकच उणीव अशी, की ‘चढणे’ म्हटले की मराठी माणसाला ‘उतरणे’ आठवते, आणि हा रंग सहजी उतरत नाही. फिकट धड गडद करता येते. गडद धड या रीतीने फिकट करता येत नाही. कृतीत हे वाक्य पहिल्याच ओळीत असावे.

दुसरे असे, की डोके पुष्कळदा व्हिनाइल या मऊ प्लॅस्टिकचे आणि धड एबीएस या कडक प्लॅस्टिकचे असते, त्यामुळे एकाच पाण्यातून काढलेल्या दोन तुकड्यांवरही रंग सारखा चढत नाही. धडाच्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या निरुपयोगी हातावर आधी रंग चढवून पाहावा.

प्रश्नकर्ता (म्हापसा) : ‘चढवणे’ स्वीकारले. छटेसाठी गव्हाळ, निमगोरा, सावळा हे शब्द चालतील का?

उत्तर (मडगाव) : हे शब्द लग्नाच्या जाहिरातींत इतके वापरले गेले आहेत, की ते रंगापेक्षा पसंती-नापसंती अधिक सांगतात, शिवाय गव्हाळ म्हणजे नेमके काय, यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. त्यापेक्षा ‘झाक’ वापरावा : ‘तपकिरी, पिवळसर झाकेचा’, ‘तपकिरी, गुलाबी झाकेचा’. डोके आणि धड जुळत नाहीत, तेव्हा दोष पुष्कळदा गडदपणात नसतो, झाकेत असतो, आणि पाण्यात पिवळा घालावा की लाल, हे झाक ओळखल्याशिवाय ठरत नाही. पारख मात्र धड कोरडे करून, दिवसाच्या उजेडात करावी.