मदत हवी आहे: जिवंत बीसीजी (टीबीच्या लशीतला जिवाणू) लायसोसोममध्ये (पेशीच्या आम्लाच्या पचनपिशवीत) का दिसतोय?

प्रश्न (नांदेड): टीएचपी-१ पेशी (माणसाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा लॅबमधला वाण), त्या जिवाणू गिळणाऱ्या व्हाव्यात म्हणून पीएमए हे रसायन १०० नॅनोमोलर, २४ तास. मीडिया (पेशी वाढवायचं द्रव) आरपीएमआय, १० टक्के सीरम, पेन-स्ट्रेप (दोन प्रतिजैविकांची जोडी). जीएफपीवाला (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा) बीसीजी, एका पेशीमागे १० जिवाणू, ४ तास. लायसोट्रॅकर रेड (आम्ल जागा लाल दाखवणारा रंग) लावल्यावर निम्म्याहून जास्त हिरवे ठिपके लालमध्येच. टीबीचा जिवाणू लायसोसोम अडवतो ना? की बीसीजी दुबळा म्हणून त्याला जमत नाही?

उत्तर (लातूर): बीसीजीला दोष देऊ नका. आरडी-१ (जनुकांचा एक तुकडा) नसल्यामुळे त्याला फॅगोसोम (गिळलेला जिवाणू ज्यात असतो ती पिशवी) फोडता येत नाही, पण लायसोसोम अडवता येतो. त्याच्या फॅगोसोमवर राब५ (पिशवी कोवळी असल्याची खूण असलेलं प्रथिन) टिकतं, राब७ (ती पिकल्याची खूण) येत नाही, आम्ल भरणारे प्रोटॉन पंप नीट बसत नाहीत. त्यामुळे पीएच ६.२-६.४ च्या आसपास अडतो. लायसोसोममध्ये तो ४.५-५ असतो. मात्र यासाठी जिवाणू जिवंत लागतो. जिवाणूने सोडलेलं सॅपएम हे प्रथिन पडद्यावरचं पीआय३पी (पिशवी पिकायला लागणारा मेद) काढून टाकतं, पीटीपीए हे दुसरं प्रथिन पंप बसू देत नाही. मेलेला जिवाणू ही प्रथिनं कुठून सोडणार?

आता मीडिया बघा. पेन-स्ट्रेपमधलं स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, टीबीचंच औषध की! पेशीत शिरायच्या आधीच जिवाणू मार खातो. वर जीएफपी मेल्यावरही चमकत राहतं, म्हणून डोळ्याला फसवणूक कळत नाही. पीएमए काढल्यावर पेशी धुवा, प्रतिजैविकाविना २४ तास विसावू द्या, मगच जिवाणू घाला.

दुसरी भानगड गुठळ्यांची. ०.०५ टक्के ट्वीन-८० (साबणासारखं द्रव्य) मध्ये जिवाणू वाढवा, २६ गेजच्या सुईतून दहा वेळा काढा, सेंट्रिफ्यूजमध्ये १०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट) वर १० मिनिटं फिरवा, फक्त वरचा भाग घ्या. सिरिंज ल्यूअर-लॉकचीच (सुई फिरवून घट्ट बसणारी), काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. साधी सुई निसटली की एरोसोल (जिवाणूंचे बारीक थेंब) हवेत उडालाच. आणि पेशीमागे १० कशाला? १ ते ३ पुरे. गुठळी गिळलेली पेशी स्वतःच मरायला टेकते, तिच्यावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

उत्तर (बीड): हीट-किल्ड कंट्रोल कुठंय? ८० अंशावर ३० मिनिटं मारलेला बीसीजी शेजारच्या वेलमध्ये हवाच. तो लाल आणि जिवंत कमी लाल, एवढा फरक दिसला तर प्रयोग खरा. लायसोट्रॅकर ५०-७५ नॅनोमोलर, ३० मिनिटं. नंतर ट्रायटन (पडदा विरघळवणारं द्रव्य) लावू नका, रंग वाहून जातो. सीएफयूच्या (जिवंत जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या) ७एच११ आगराच्या प्लेटा ३-४ आठवडे ठेवाव्या लागतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात आगर पापडासारखा वाळतो. ओल्या कापसासकट पिशवीत बंद करा.

प्रश्न: मग बाहेरचे उरलेले कशाने मारायचे? अमिकासिन (प्रतिजैविक) पेशीच्या आत जात नाही ना?

उत्तर (लातूर): २०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, २ तास, मग तीनदा धुवा. रात्रभर ठेवलंत तर हळूहळू आतही पोचतं, आणि सीएफयू कमी आले की खापर पुन्हा बीसीजीवरच फुटेल.