कामावर जाण्यासाठी पहिलीच सायकल, तीही जुनी : घेताना काय पाहावे?

प्रश्न
कामाचे ठिकाण घरापासून सहा किलोमीटरवर आहे आणि वाटेत एक चढ लागतो. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, त्यामुळे रोजचे जाणे-येणे कितपत जमेल याचा अंदाज येईपर्यंत जुनी सायकलच घ्यावी, असे ठरवले आहे. काल एक गिअरची सायकल पाहिली. रंग अगदी नवा आहे, मात्र पॅडलवर जोर दिला की चेन मध्येच सटकल्यासारखी होते. तेल घातले की थांबेल, असे मालक म्हणतात. त्यांचे म्हणणे मानावे का?

प्रतिसाद १
तेलाने हे थांबणार नाही. गिअर नीट बसलेले नसले तरी चेन सटकते, पण बहुतेक वेळा चेन लांबलेली आणि मागचे दाते झिजलेले असतात. सोबत १२ इंचांहून लांब पट्टी न्या. चेनच्या ताणलेल्या भागावर एका पिनच्या मध्यावर शून्य धरून तिथून पुढची चोविसावी पिन पाहा. नव्या चेनमध्ये तिचा मध्य बरोबर १२ इंचांवर येतो. तो दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदलायला झाली आहे, आणि तीन मिलिमीटर गेला असेल तर मागचे दातेही बदलावे लागतील असे समजा.

तरीही केवळ चेनसाठी सायकल नाकारू नका. चेन, टायर, ब्रेकचे रबर, केबल हे सारे बदलता येते आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागता येतो. फ्रेमचे तसे नाही, आणि नव्या रंगामुळे मला शंका येते ती तिथेच. हँडलखालच्या उभ्या नळीला इतर नळ्या जिथे जोडल्या आहेत, त्या सांध्याची खालची बाजू बोटाने चाचपून पाहा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल समोरून जोरात आदळलेली असण्याची दाट शक्यता आहे. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये.

प्रतिसाद २
मापही पाहा. माझी पहिली जुनी सायकल स्वस्त मिळाली म्हणून घेतली, पण ती मला मोठी होत होती. थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकत नसत, त्यामुळे प्रत्येक चौकात ती तिरपी करावी लागे, आणि महिन्याभरात मी ती विकली. आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिल्यावर वर निदान दोन बोटे जागा उरली पाहिजे. सीटची दांडी तिथल्या तिथे सैल करून वरखाली सरकवून पाहा, कारण गंजून अडकलेली दांडी काढणे फार जिकिरीचे असते.

प्रतिसाद ३
पॅडलच्या धुरीखाली बहुधा फ्रेमचा क्रमांक कोरलेला असतो. तो खरवडलेला दिसला तर व्यवहार करू नका, आणि जुनी पावती जरूर मागा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आज पट्टी घेऊन गेलो होतो. चेन तीन मिलिमीटर लांबलेली निघाली, आणि नव्या रंगाखालची सुरकुतीही बोटाला स्पष्ट लागली, म्हणून नको म्हणून आलो. परतताना दुसरी एक पाहिली. तिचा रंग जागोजागी उडालेला आहे, पण सांधे गुळगुळीत आहेत आणि चोविसावी पिन बरोबर बारावर येते. उद्या ती चढावर चालवून पाहणार आहे.