आधी पोरांना शिकवा, मग जमिनीचं बघू
काही जण म्हणतात की सरकारने जमीन स्वस्त दिली की सोलर पॅनल बनवणाऱ्या कंपन्या गोव्यात येतील, मला नाही पटत. केंद्राने २०२२ ला सोलर पॅनलसाठी पीएलआयमध्ये (देशात माल बनवणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहनाचे पैसे देणारी योजना) १९,५०० कोटी मंजूर केले, ते सगळ्याच राज्यांसाठी होते, मग इथेच का यावं कुणी? सरकारच्या सूर्यमित्र कोर्समध्ये पॅनल बसवायला शिकवतात, कारखान्यातलं काम वेगळं, पॅनलमधले सेल रिबनने, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीने, सोल्डर करून जोडायचे, मग काचेखाली लॅमिनेट करायचे, ईएल टेस्टच्या (सेलमधून वीज सोडून काढलेल्या) फोटोत केसाएवढी काळी रेघ दिसली की सेलला तडा गेलाय हे ओळखायचं. २०१८ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या डिचोलीत मशिनरी सांभाळणारे किती हुशार लोक घरी बसले, अजून वाईट वाटतं. होंडा गावातल्या आणि डिचोलीच्या आयटीआयमध्ये हे कारखान्यातलं काम शिकवा आणि कंपन्यांना द्यायची सवलत स्थानिक पोरांच्या पगाराशी जोडा ना.