मिशिगनमधली टाऊनशिप: क्षेत्रफळ जवळपास दुप्पट येतंय, लोकसंख्याही जुळत नाही

नकाशेबहाद्दर (कोथरूड):
अमेरिकेतल्या दक्षिण मिशिगनमधल्या ग्रामीण टाऊनशिपची (काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, स्थानिक कारभाराचे विभाग) माहितीपत्रकं करायची आहेत: क्षेत्रफळ, लोकसंख्या, घनता. सेन्सस ब्युरोच्या (जनगणना खात्याच्या) टायगर फाइल्स, म्हणजे हद्दींचे नकाशे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, पार्श्वभूमीच्या बेसमॅपशी जुळाव्यात म्हणून लेयर 3857 या प्रक्षेपणात (वेब मर्केटर) सेव्ह केला. टाऊनशिप 36 चौरस मैलांची असं सगळे सांगतात, मला 65 येतंय. शिवाय टाऊनशिप, सिटी आणि व्हिलेज यांची बेरीज काउंटीच्या आकड्याला ओलांडून जाते. घोळ कुठे आहे?

सेक्शन_छत्तीस (औंध):
65 चा घोळ 3857 चा. वेब मर्केटरमध्ये 42 अंश अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण 1.81 पट फुगतं, 36 गुणिले 1.81 करून बघा. मोजायचंच असेल तर लेयर 5070 मध्ये (समक्षेत्र अल्बर्स, म्हणजे क्षेत्रफळ न बिघडवणारं प्रक्षेपण) घ्या. पण गरजच नाही. मूळ टेबलात ए-लँड (जमीन) आणि ए-वॉटर (पाणी) हे दोन कॉलम चौरस मीटरमध्ये तयार असतात. 25,89,988 ने भागलं की चौरस मैल मिळतात. घनता काढताना फक्त ए-लँड. तळ्यांच्या भागात पाणी धरून भागलंत तर घनता उगाच कमी दिसते.

नेमके 36 मात्र क्वचितच येतील. 1785 च्या कायद्यानुसार टाऊनशिप सहा मैल बाय सहा मैल, आत 640 एकरांचे 36 सेक्शन. पण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येतात, त्यामुळे तिथे एका टाऊनशिपची उत्तर बाजू दक्षिणेपेक्षा सुमारे 43 फूट आखूड भरायला हवी. ही तूट उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनवर ढकलतात, म्हणून 1 ते 6 आणि 7, 18, 19, 30, 31 यांत एकर कमीजास्त दिसतात. क्रमांक नांगराच्या तासासारखे फिरतात: 1 ईशान्य कोपऱ्यात, 6 वायव्येला, 7 त्याच्या खाली, 36 आग्नेयेला. आणि ही झाली मोजणीची टाऊनशिप; कारभाराची टाऊनशिप बहुतेकदा तीच असते, पण नदी, तळं किंवा सिटीने जागा घेतली की आकार बिघडतो. पत्रकात कारभाराच्या हद्दीचाच आकडा द्या.

बेरीजवजाबाकी:
मिशिगनमध्ये व्हिलेज टाऊनशिपच्या पोटातच असते, तिथले लोक टाऊनशिपच्या आकड्यात आधीच धरलेले आहेत. सिटी मात्र टाऊनशिपपासून वेगळी. तुम्ही व्हिलेज दोनदा मोजलीत. फक्त काउंटी सबडिव्हिजनची (काउंटीच्या उपविभागांची, म्हणजे टाऊनशिप वगैरेंची) फाइल बेरजेला घ्या. सिटी त्यातच येतात. हाच नियम विस्कॉन्सिनला लावू नका, तिथे व्हिलेजही टाऊनपासून स्वतंत्र असते.

एखादी व्हिलेज दोन टाऊनशिपमध्ये विभागलेली असेल तर तिचा आकडा अख्खा कुणाच्याच खाती टाकू नका, ब्लॉक (जनगणनेचे सर्वांत छोटे तुकडे) जोडून वाटणी करा. टेबल जोडताना नावावर भरवसा नको, ग्रँट टाऊनशिप मिशिगनमध्येच बऱ्याच आहेत. दहा अंकी जिओआयडी (प्रत्येक भागाचा ओळख क्रमांक) वापरा: राज्याचे 2, काउंटीचे 3, सबडिव्हिजनचे 5. कॉलम फोडलेत तर एक्सेल 005 चा 5 करतं, म्हणून टेक्स्ट म्हणूनच इम्पोर्ट करा.

नकाशेबहाद्दर (कोथरूड):
बेरीज जुळली, आभार! एका टाऊनशिपमध्ये 2010 पेक्षा 2020 ला 9 माणसं कमी आहेत. ‘लोकसंख्या घटतेय’ लिहू का?

बेरीजवजाबाकी:
नको. 2020 ला गोपनीयतेसाठी छोट्या भागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळली आहे. राज्याची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी. टाऊनशिपमधला 9 चा फरक त्या गडबडीत सहज जिरतो. ‘जवळपास स्थिर’ म्हणा. वय, उत्पन्न वगैरे एसीएसच्या (सेन्सस ब्युरोच्या नमुना सर्वेक्षणाच्या) पाच वर्षांच्या अंदाजांतून घ्यावं लागेल, एक वर्षाचे नेहमीचे अंदाज 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या भागांसाठी नसतात. सोबतचा मार्जिन ऑफ एरर (अंदाज किती चुकू शकतो तो आकडा) बघितल्याशिवाय काहीही छापू नका. हजारभर वस्तीत तो कधी कधी आकड्याच्या निम्मा असतो.

सेक्शन_छत्तीस (औंध):
घरं आणि कुटुंबं यांत मोठी तफावत दिसली तर लगेच ‘ओसाड’ लिहू नका. तळ्याकाठच्या उन्हाळी घरांचे मालक 1 एप्रिलच्या गणनेत नेहमीच्या पत्त्यावर मोजले जातात. रिकाम्या घरांच्या टेबलात ‘हंगामी वापर’ची ओळ वेगळी आहे, ती आधी बघा.