घर रिकामं असल्याशिवाय मोठं लेखन होतं का?

ओसरी:
मे महिन्याच्या सुट्टीत बायको आणि मुलं आजोळी रत्नागिरीला गेली आहेत. मी ठाण्यात एकटा आहे आणि दिवाळी अंकासाठी कबूल केलेली, कधीची अडून बसलेली दीर्घकथा आता कुठे पुढे सरकते आहे. संपादकांना ती जुलैअखेर हवी आहे.

माझं मत स्पष्ट आहे. कविता, स्फुट, सदर हे तासाभराच्या तुकड्यांत जमतं. दीर्घकथेचं आणि कादंबरीचं तसं नसतं. कोण कसं बोलतं, कुणाला काय ठाऊक आहे, कुठल्या प्रसंगापर्यंत ते लपलेलं राहायला हवं, हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. मध्येच गॅस सिलिंडरवाल्याने बेल वाजवली की ते निसटतं, आणि पुन्हा जुळवेपर्यंत सकाळ गेलेली असते.

घरात दहावीचं मूल असलं की आपण टीव्ही बंद ठेवतो, पाहुण्यांना यंदा येऊ नका म्हणून सांगतो. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मग लिहिणाऱ्या माणसासाठी वर्षातले चार-आठ दिवस घराने का देऊ नयेत?

जलद_लोकल:
अजिबात पटलं नाही. अँथनी ट्रोलप ब्रिटिश टपाल खात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा आणि मग कामाला लागायचा. अशा शिस्तीत त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. बायको, दोन मुलगे, सगळे होते.

सुट्टीची वाट पाहणाऱ्याचा हात वर्षभर थंड पडतो. मी कसारा लोकलमध्ये मोबाईलवर लिहितो. उतरताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची हा प्रश्नच उरत नाही.

ओसरी:
ट्रोलपचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्याला रोज पहाटे उठवायला एक जुना नोकर होता आणि त्या कामाचे वर्षाला पाच पौंड तो जादा देत असे. आपल्या यशाचं सर्वांत मोठं श्रेय कदाचित त्या नोकराचंच, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. घर झोपलेलं असतानाचे ते तीन तास कुणीतरी त्याच्यासाठी राखले होते. मी तेच मागतोय.

सांजवेळ:
दोघांनाही विचारते, सुट्टीत घराबाहेर जातं कोण? बायको मुलांना घेऊन माहेरी जाते, म्हणून नवऱ्याला घर रिकामं मिळतं. नवरा मुलांना घेऊन आपल्या आईकडे गेला आणि बायको लिहायला मागे राहिली, अशी घरं तुमच्या ओळखीत किती आहेत? आणि राहिली तरी मे महिना असतो. कुरडया, वर्षाचे गहू, कैऱ्यांचं लोणचं. “तू घरीच आहेस ना, मग कपाटं आवरून ठेव.”

बहिणाबाई चौधरींचं नाव आता कुणीतरी घेईलच, म्हणून आधीच बोलते. जात्यावर आणि शेतात राबताना त्यांनी गाणी रचली, याचं कौतुक सगळे करतात. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ती उतरवून घेतली म्हणून 1952 साली पुस्तक झालं. बहिणाबाई त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. लिहून घेणारं जवळ कुणी नसताना रचलेली गाणी कुठे गेली? जात्याची लय ओवीला साथ देते. कादंबरीला नाही देत. काम करता करता लिही, हा सल्ला बाईला नेहमी फार सहज दिला जातो आणि त्याचा मला राग येतो.

माळरान:
मला उलट रिकाम्या घरात एक ओळ सुचत नाही. माझ्या कथेतली माणसं सासूबाईंच्या फोनवरच्या बोलण्यातून, मुलांच्या भांडणांतून येतात. आणि आई लिहीत बसली आहे, आत्ता तिला हाक मारायची नाही, हे मुलांना घरात असतानाच कळायला हवं. नाहीतर लिहिणं म्हणजे आपण नसताना चालणारा काहीतरी उद्योग, असंच ती समजतील.

जलद_लोकल:
सांजवेळ, तुमचा राग रास्त आहे. पण म्हणूनच मी म्हणतो की वेळ कुणाच्या परवानगीवर टांगून ठेवू नये. जी संधी दुसऱ्याच्या प्रवासावर अवलंबून आहे, ती एक वर्ष हुकली की सगळं हुकतं.

सांजवेळ:
लोकलमध्ये बसायला जागा मिळते त्यांच्यासाठी ठीक आहे. मी घरातून बाहेर पडले. आमच्या भागातल्या अभ्यासिकेत महिन्याची फी भरून बसते. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची मुलं, कुणी वर मान करत नाही, फोन बाहेर ठेवायचा नियम आहे. दुपारची शाळा सुटेपर्यंतचा वेळ माझा. नगरपालिकांच्या अभ्यासिकांत परीक्षार्थींबरोबर लिहिणाऱ्यांनाही जागा मिळावी, ही मागणी आपण सगळे मिळून करू शकतो.

ओसरी:
या मागणीला माझी सही धरा. पण मला संवाद मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते अभ्यासिकेत चालणार नाही. त्यासाठी घरच लागतं, आणि तेही रिकामं.